प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये कच्ची फाईल पण मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या बारावीच्या प्रॅक्टिकलचा सीझन चालू आहे, मग डिप्लोमा आणि बीएस्सीवाल्यांचा नंबर, आणि दरवर्षीप्रमाणे घराघरात जर्नल पूर्ण करायची धावपळ, व्हॉट्सॲपवर मागच्या बॅचच्या जर्नलचे फोटो फिरतायत. त्यावरून हे पत्र, की जर्नलसोबत कच्ची फाईल, म्हणजे सेन्सरकडून आलेली रीडिंग जशीच्या तशी, पण मागावी. मी भोसरी एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनची छोटी कामं करतो, म्हणजे कंपन्यांच्या टेस्ट बेंचवर, फर्नेसवर, कोल्ड रूममध्ये सेन्सर बसवायचे, त्यांची रीडिंग कॉम्प्युटरवर आणायची, स्क्रीनवर दाखवायची आणि फाईलमध्ये साठवायची. डेटा ॲक्विझिशन म्हणतात त्याला, आमच्यात सगळे नुसतं डॅक म्हणतात. दरवर्षी डिप्लोमा आणि बीएस्सी झालेली नवी पोरं कामाला येतात आणि त्यांना कॉलेजात नक्की काय शिकवलं जातं ते आम्हाला तिथे दिसतं.

पोरं हुशार आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की स्क्रीनवर आकडा आला म्हणजे मोजमाप झालं असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तो आकडा वायरमधून, चिपमधून, फॉर्म्युल्यातून कसा कसा आला आणि मध्ये कुठे कुठे बिघडू शकतो हा प्रश्नच पडत नाही. आणि पडणार कसा, कारण जर्नलमध्ये रीडिंग छापायची सवय अकरावीपासून लागलेली असते. उत्तर आधी माहीत असतं, मग त्याला जुळतील अशी रीडिंग मागून लिहायची. साध्या पेंड्युलमचं बघा, जी ची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाची, व्हॅल्यू काढायची, आणि अर्ध्या जर्नलमध्ये उत्तर येतं ९.८१. अहो पुण्यात जी ९.७८ च्या आसपास आहे! ९.८१ ही आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला, ४५ अक्षांशाच्या आजूबाजूला मिळणारी व्हॅल्यू. म्हणजे नीट प्रयोग करणाऱ्या पोराचं उत्तर "चुकतं" आणि छापणाऱ्याचं बरोबर येतं, आणि एक्स्टर्नल दोघांनाही सारखेच मार्क देऊन जातात.

आता बऱ्याच कॉलेजांनी लॅब अपग्रेड केल्यात, चांगली गोष्ट आहे. डॅक कार्ड आलं, लॅबव्ह्यूचं लायसन्स आलं, उद्घाटनाचा फोटो आला. लॅबव्ह्यू हे जुनं आणि तगडं सॉफ्टवेअर आहे, १९८६ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने ते पहिल्यांदा ॲपलच्या मॅकिंटॉशवर आणलं, आज ती कंपनी इमर्सनकडे आहे. कोड टाईप करायचा नाही, चित्रासारखे ब्लॉक जोडायचे, एका बाजूला फ्रंट पॅनेल म्हणजे मीटर, नॉब, दिवे आणि दुसऱ्या बाजूला वायरिंग. इंडस्ट्रीत अजूनही भरपूर चालतं. पण किती ठिकाणी ते कार्ड शोकेसमधल्या क्रोकरीसारखं कपाटात ठेवलेलं असतं, पाहुणे आले की बाहेर! आणि जिथे वापरतात तिथे काय शिकवतात, तर स्क्रीनवर गोल मीटर कसा ड्रॅग करायचा, त्याचा रंग कसा बदलायचा, लाल दिवा कसा लावायचा. पोरं सुंदर स्क्रीन बनवतात. मी विचारतो की हे रीडिंग साठतंय कुठे, तर म्हणतात सर हा बघा ना ग्राफ पुढे सरकतोय.

हा सरकता ग्राफ म्हणजे लॅबव्ह्यूचा वेव्हफॉर्म चार्ट. तो तुम्ही सेटिंग बदललं नाही तर फक्त शेवटचे १०२४ पॉईंट लक्षात ठेवतो. सेकंदाला एक रीडिंग घेतलं तर सतरा मिनिटं. त्याच्या आधीचं सगळं गेलं, आणि प्रोग्रॅम बंद केला की उरलेलंही गेलं. चार्टची यात काही चूक नाही, तो दाखवायलाच बनवलाय. रीडिंग दाखवणं वेगळं आणि त्याची नोंद ठेवणं वेगळं, हा फरक तीन वर्षांत पोराला कुणी सांगितलेला नसतो.

दुसरी गंमत लीस्ट काउंटची, म्हणजे उपकरणाने मोजता येणाऱ्या सगळ्यात छोट्या मापाची. व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट ०.०१ सेंटिमीटर, स्क्रू गेजचा ०.००१, हे झोपेत उठवून विचारलं तरी पोरं सांगतात, कारण व्हायवात ठरलेला प्रश्न आहे. पण कॉम्प्युटरवर येणाऱ्या रीडिंगचा लीस्ट काउंट किती, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आमच्याकडे नवीन पोरगा आला की मी त्याला एक अर्डुइनो ऊनो, म्हणजे सेन्सर वाचणारा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड, आणि एक एलएम३५ टेम्परेचर सेन्सर देतो आणि म्हणतो, खोलीचं टेम्परेचर दाखव. दहा मिनिटांत दाखवतो, इंटरनेटवर प्रोग्रॅम तयारच आहे. स्क्रीनवर येतं २७.३४. वा, दोन डेसिमल! मग मी त्याला सेन्सरवर हलकेच बोट ठेवायला सांगतो आणि आकडा बघत बस म्हणतो. २७.३४ वरून उडी थेट २७.८३ वर, तिथून २८.३२. मधलं काहीच येत नाही. २७.५० कधी येणारच नाही, कितीही वेळ बसा. कारण त्या बोर्डावरचा, व्होल्टेजचा आकडा करणारा कन्व्हर्टर १० बिटचा, म्हणजे ० ते ५ व्होल्टचे १०२४ तुकडे, एक तुकडा जवळपास ४.९ मिलिव्होल्टचा, आणि एलएम३५ देतो डिग्रीला १० मिलिव्होल्ट. म्हणजे या सेटअपचा लीस्ट काउंट जवळजवळ अर्धा डिग्री आहे आणि स्क्रीन शंभराव्या भागापर्यंत आकडे दाखवतीये. गणितातून पडलेले डेसिमल आहेत ते, मोजलेले नाहीत.

आणि अजून पुढचं. प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं ५ व्होल्ट, पण लॅपटॉपच्या यूएसबीतून येणारा सप्लाय कधी ४.९ असतो, स्वस्त केबल असली तर ४.७५ सुद्धा. ४.७५ असेल तर प्रत्येक रीडिंग पाच टक्के जास्त येणार, खोली २७ ला असताना स्क्रीन २८.४ म्हणणार. मल्टीमीटर लावून तो सप्लाय मोजायला अर्धा मिनिट लागतो. पण मल्टीमीटर लावायचं सुचण्यासाठी आधी स्क्रीनवर संशय यावा लागतो ना.

आता मूळ मुद्दा. सगळ्या प्रॅक्टिकलमध्ये, निदान जिथे कॉम्प्युटरवर रीडिंग घेतात तिथे, जर्नलसोबत कच्ची फाईल मागा. कच्ची म्हणजे सेन्सरकडून जे आलं ते, जसंच्या तसं, प्रत्येक ओळीला तारीख-वेळ, काही पुसलेलं नाही, काही गोल केलेलं नाही. साधी सीएसव्ही फाईल, म्हणजे स्वल्पविराम देऊन लिहिलेले आकडे, नोटपॅडमध्ये उघडते, दहा वर्षांनीही उघडेल, कुठलं लायसन्स लागत नाही. ग्राफ, ॲव्हरेज, फॉर्म्युला सगळं त्याच्यानंतर, वेगळ्या कॉलममध्ये. एवढंच मागणं आहे, बाकीचं पत्र फक्त का ते सांगण्यासाठी.

न्यूटनचा कूलिंगचा प्रयोग सगळ्यांना आठवत असेल, गरम पाणी, थर्मामीटर, दर मिनिटाला रीडिंग, मग कर्व्ह. हाच प्रयोग डीएस१८बी२० नावाच्या वॉटरप्रूफ सेन्सरवर करा, स्टीलच्या नळीत येतो, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शे-दोनशे रुपयांत मिळतो. सेकंदाला एक रीडिंग, अर्धा तास. या सेन्सरची एक खोड आहे. पॉवर दिल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण व्हायच्या आत त्याला विचारलं तर तो सरळ ८५ डिग्री सांगतो. बिघडलाय म्हणून नाही, त्याच्या मेमरीत सुरुवातीला तोच आकडा भरलेला असतो. पूर्ण बारीकीचं मोजमाप करायला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढं थांबलं तर खरा आकडा मिळतो. आता गंमत बघा, कूलिंगच्या प्रयोगात नुकतंच उकळलेलं पाणी ओतलंय, आणि पहिलं रीडिंग ८५. कुणाला शंका येईल का? अगदी बरोबर वाटतं. मग दुसऱ्या सेकंदाला ७९. पोरगा लिहितो की सुरुवातीला पाणी फार वेगाने थंड झालं आणि त्यावर अर्धं पान कारणं पण देतो! मध्येच वायर हलली, सेन्सरची पॉवर क्षणभर गेली, की परत एखादं ८५ टपकतं, पाणी ६२ ला असताना. आणि वायर पूर्ण सुटली तर नेहमीची लायब्ररी, म्हणजे सेन्सर वाचायचा तयार कोड, देते उणे १२७.

जर्नलमध्ये नुसता ग्राफ मागितला तर पोरगा काय करणार? विचित्र पॉईंट डिलीट करणार आणि गुळगुळीत कर्व्ह देणार. कच्ची फाईल मागितली तर त्याला ते ८५ ठेवावं लागेल आणि शेजारी लिहावं लागेल की हे का आलं. ते शोधण्यासाठी सेन्सरची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघडावी लागेल. प्रयोगातलं खरं शिक्षण तिथे आहे. आणि फाईल नीट बघितली तर अजून काय काय दिसतं, कुणीतरी पंखा लावला तिथे उतार बदललेला असतो, कुणी बीकर हलवला तिथे छोटा खड्डा असतो, स्टीलच्या नळीमुळे सेन्सर पाण्याच्या थोडा मागे राहतो तेही दिसतं. मिनिटाला एक रीडिंग घेऊन यातलं निम्मंही हाताला लागत नाही.

थर्मोकपलचं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या टेम्परेचर सेन्सरचं, तर अजून मजेशीर. के टाईप थर्मोकपल डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो, मायक्रो, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग, आणि आपण तो लॅबमध्ये लांब उघड्या वायरीने, ट्यूबलाईट-पंख्याच्या वायरीशेजारून कॉम्प्युटरपर्यंत आणतो. त्यात मेनचा, म्हणजे घरच्या विजेचा, ५० हर्ट्झचा हम (लाटेसारखा अडथळा) शिरणारच. आता पोराने सेकंदाला बरोबर १० रीडिंग घेतली असं धरा. ५० ला १० ने पूर्ण भाग जातो, म्हणजे प्रत्येक रीडिंग हमच्या लाटेवर जवळपास त्याच जागी पडतं आणि हम दिसतच नाही. पण आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी कुठे बरोबर ५० असते, ती थोडी वरखाली होत असते. ४९.९५ असली तर स्क्रीनवर वीस सेकंदांची एक संथ, गोड लाट दिसायला लागते. टेम्परेचर वर जातंय, खाली येतंय, वर जातंय. एका उमेदवाराने मला पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलं की हा एसीच्या कॉम्प्रेसरचा परिणाम आहे. एसी त्या खोलीत नव्हताच, शेजारच्या ऑफिसात होता, त्याने तिथपर्यंत थिअरी नेली. याला एलियासिंग म्हणतात, सिग्नलमध्ये जी सगळ्यात वेगवान गोष्ट आहे तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने सॅम्पल घ्यायचं, हा नायक्विस्टचा नियम थर्ड इयरच्या पेपरात पाच मार्कांना येतो आणि पोरं व्याख्या चोख लिहितात. फक्त हे पुस्तकातलं आणि ते स्क्रीनवरचं एकच आहे हे कुणी दाखवलेलं नसतं. चांगला डिजिटल मल्टीमीटर मेनच्या एका पूर्ण सायकलभर, म्हणजे २० मिलिसेकंद, सिग्नल ॲव्हरेज करून मग आकडा देतो, म्हणून त्यात हम दिसत नाही. हे सांगितलं की पोरांचे डोळे चमकतात. मग वाटतं हे तीन वर्षं आधी का नाही सांगितलं कुणी.

आणि या थर्मोकपलची अचूकता किती, तर साधा क्लास २ चा घेतला तर साधारण तीनशे डिग्रीपर्यंत अधिक-उणे अडीच डिग्री. त्याच्यापुढे स्क्रीनवर तीन डेसिमल बघितले की मला हसू येतं, पण कस्टमरला तीन डेसिमल आवडतात, काय करणार.

हे फक्त कॉलेजपुरतं नाही म्हणून पेपरला लिहितोय. एका कंपनीत, नाव नको, ० ते १० बारचं प्रेशर मोजणारा ट्रान्समीटर होता, ४ ते २० मिलिॲम्पियरवाला. आमच्या लायनीत ही पद्धत सगळीकडे आहे आणि ती का आहे तेही सांगतो, शून्य प्रेशरला ४ मिलिॲम्पियर येतात, पूर्ण प्रेशरला २०. म्हणजे वायर तुटली आणि करंट ० झाला तर ते लगेच कळतं, कारण खरं प्रेशर कितीही कमी असलं तरी ४ च्या फार खाली जाणारच नाही. हिशोब केला तर तुटलेली वायर उणे अडीच बार दाखवते. उणे अडीच बार बघून ऑपरेटर घाबरतात, म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एक ओळ टाकली होती, की शून्यापेक्षा कमी आलं तर शून्य दाखव. स्क्रीन छान, स्वच्छ, ०.००. मग एकदा शिफ्टमध्ये वायर खरंच तुटली आणि बराच वेळ सगळे समजत होते की पंप बंद आहे. नंतर चौकशी लागली, वायर किती वाजता तुटली, पंप किती वाजता बंद झाला. लॉग फाईल उघडली तर तिच्यातही ०.००, कारण स्क्रीनवर जे दाखवायचं तेच साठवलं होतं. मूळ मिलिॲम्पियर कुठेच नाहीत. ते साठवले असते तर एका मिनिटात उत्तर होतं, करंट ४ आहे म्हणजे पंप बंद, ० आहे म्हणजे वायर तुटली. तो प्रोग्रॅम लिहिणारा काही मूर्ख नव्हता, त्याला कॉलेजात कुणी कच्चा आकडा जपायला शिकवलंच नव्हतं.

फार्माचं तर विचारूच नका. आपली बीएस्सी केमिस्ट्रीची कितीतरी पोरं-पोरी कुरकुंभ, लोटे, तारापूर, अंबरनाथ, तिकडे गोव्यात वेर्णा, इथल्या फार्मा कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला लागतात. जी कंपनी अमेरिकेला माल पाठवते तिला तिथल्या एफडीएचा, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, पार्ट ११ नावाचा १९९७ सालचा नियम लागू होतो. इन्स्ट्रुमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची आपोआप नोंद राहिली पाहिजे, त्याला ऑडिट ट्रेल म्हणतात, आणि बदललेला आकडा पुसून चालत नाही, जुना पण दिसला पाहिजे. तिथे न आवडलेलं रीडिंग उडवलं की नोकरी जाते, कधी कधी कंपनीला वॉर्निंग लेटर येतं आणि माल अडकतो. आणि हीच मुलगी तीन वर्षं जर्नलमध्ये काय करत आली, तर रीडिंग "सुधारत" आली! सर स्वतः सांगतात, अगं हे रीडिंग बसत नाहीये, थोडं ॲडजस्ट कर. मग जॉईन झाल्यावर पहिल्या आठवड्यात तिला डेटा इंटेग्रिटीचं ट्रेनिंग देतात, एक दिवसाचं. तीन वर्षांची सवय एका दिवसात जाईल?

खर्चाचं म्हणाल तर बजेट नाही हे कारण आता चालत नाही. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने त्यांच्या फिनिक्स प्रोजेक्टमधून एक्सपआईज नावाचा छोटा डबा बनवलाय, खास कॉलेजच्या प्रयोगांसाठी, यूएसबीला लावायचा, सॉफ्टवेअर पायथॉनमधलं आणि फुकट, डिझाईन पण उघडं. ते पण नको असेल तर अर्डुइनो आणि एक-दोन सेन्सर, पाचशे-सातशे रुपयांत एका टेबलाचं काम होतं, आणि लॅबमधला जुना विंडोज सातवाला पीसी पण त्याला पुरतो. तेही नसेल तर पोरांच्या खिशात मोबाईल आहेच. जर्मनीतल्या आखेनच्या युनिव्हर्सिटीने २०१६ मध्ये फायफॉक्स नावाचं फुकट ॲप काढलं, ते मोबाईलमधले सेन्सर वाचतं, ग्राफ दाखवतं आणि महत्त्वाचं म्हणजे कच्ची फाईल बाहेर काढून देतं. फोन दोरीला नीट बांधून पेंड्युलमसारखा सोडा, ९.७८ च्या जवळ जाता येतं, फक्त बांधताना जपून, स्क्रीन फुटली तर माझ्याकडे येऊ नका. आणि लॅबव्ह्यूच शिकायचं असेल तर घरी स्वतःच्या, धंद्याच्या नसलेल्या कामासाठी त्याचं कम्युनिटी एडिशन २०२० पासून फुकट आहे.

मी काही सरांशी याबद्दल बोललोय, त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. बॅच मोठी, दोन तासांचं प्रॅक्टिकल, लॅब असिस्टंटची जागा वर्षानुवर्षं रिकामी, प्रत्येक पीसीचा ड्रायव्हर वेगळा. स्वस्त बोर्डावर यूएसबी जोडणारी सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर नसला की कॉम्प्युटरला बोर्डाचा कॉम पोर्ट दिसतच नाही, अर्धा तास तिथेच जातो, आणि पोराने केबल दुसऱ्या यूएसबीत घातली की पोर्टचा नंबर बदलतो आणि सगळं परत बंद. हे सगळं मान्य. पण हीच कामं आम्ही इंडस्ट्रीत रोज करतो, पोर्ट शोधणं, बॉड रेट म्हणजे डेटा पाठवायचा वेग जुळवणं, ९६०० आहे का १,१५,२०० हे बघणं, आरएस-४८५ या डेटा जोडणीच्या दोन वायरी उलट्या लागल्यात का ते तपासणं. हा वेळ वाया जात नाही, सिलॅबस तोच असायला हवा.

एका मॅडमनी विचारलं की मग हाताने ग्राफ काढणं बंद करायचं का. अजिबात नाही. पहिल्यांदा थर्मामीटरने, घड्याळ बघून, ग्राफ पेपरवर पेन्सिलीनेच. ज्याने एकदा हाताने पॉईंट टाकलेत त्यालाच कॉम्प्युटरच्या ग्राफमधली गडबड दिसते, कारण स्केल आपोआप बदललं की अर्ध्या डिग्रीचा नॉईज, म्हणजे रीडिंगमधली फुटकळ थरथर, पण हिमालयाएवढा दिसतो आणि पोरं घाबरून जातात. दुसरा आक्षेप असा की फाईल पण कॉपी होईल, पेन ड्राईव्हवरून एक सेकंदात. होईल की. पण कच्च्या फाईलमध्ये नॉईज असतो, आणि दोन वेगळ्या टेबलांवरच्या नॉईजचा शेवटचा आकडा ओळीमागून ओळ सारखा येऊच शकत नाही. दोन फाईल शेजारी उघडल्या की चोरी दिसते, हाताने लिहिलेल्या जर्नलमध्ये हे पकडणं उलट अवघड आहे. आणि कुणी खोटा नॉईज बनवणारा प्रोग्रॅम लिहिलाच तर त्याला माझ्याकडे पाठवा, नोकरी पक्की.

एक्सेलबद्दल एक सांगतो कारण सगळीकडे तेच चालतं. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की तारखेचा फॉरमॅट कधी बदलतो, सेकंदांचे डेसिमल कधी उडतात, आणि शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात. सेकंदाला एक रीडिंग घेतलं तर बारा दिवसांत शीट भरली, दहा घेतली तर सव्वा दिवसातच. म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवायची, तिला हात लावायचा नाही, कॉपी करून त्यावर काय ते करायचं. आणि रात्रभर लॉगिंग लावणार असाल तर लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करा, विंडोजचे अपडेट थांबवा, प्रत्येक रीडिंगला फाईलमध्ये लिहायला सांगा, शेवटी एकदम नको, नाहीतर पहाटे लाईट गेली की रात्र फुकट.

तर बोर्डाला, डिप्लोमाच्या एमएसबीटीईला आणि युनिव्हर्सिटीच्या अभ्यास मंडळांना आपल्या पेपरमार्फत सांगणं एवढंच, की सगळा सिलॅबस बदलू नका, त्याला वर्षं लागतात. येत्या वर्षी फक्त एक प्रयोग घ्या, कूलिंगचाच घ्या, सगळ्यांकडे होतो. जर्नलमध्ये ग्राफच्या आधी कच्च्या फाईलच्या पहिल्या पानाची प्रिंट लावायची आणि पूर्ण फाईल सरांकडे द्यायची. फाईलच्या वरच्या ओळींत सेन्सर कोणता, बोर्ड कोणता, किती वेगाने रीडिंग घेतलं, आणि सेन्सर तपासला का ते लिहायचं. तपासायला काही मोठं लागत नाही, एका ग्लासात बर्फाचा चुरा आणि पाणी म्हणजे शून्य, एका भांड्यात उकळतं पाणी म्हणजे पुण्यात साधारण ९८, शंभर नाही, आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटरवर आहोत, मुंबईत शंभरच्या जवळ येईल. ज्या पोराच्या जर्नलमध्ये पुण्यात बरोबर १००.०० आलं असेल त्याला व्हायवात समोर बसवून जरा निवांत प्रश्न विचारा. जे पॉईंट सोडून दिले त्यांचं कारण एका ओळीत लिहायचं, कारण पटलं तर मार्क कापायचे नाहीत, उलट द्यायचे. आणि एक्स्टर्नलने लीस्ट काउंट विचारताना व्हर्नियरसोबत त्या कन्व्हर्टरचा पण विचारावा.

ज्या कॉलेजांना हे करून बघायचंय पण सुरुवात कुठून करावी कळत नाहीये, त्यांनी जवळच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही इन्स्ट्रुमेंटवाल्याला एक दिवस बोलवावं. आमच्यातले बरेच जण चहावर यायला तयार असतात, शनिवार सोडून, शनिवारी मेंटेनन्सचं शटडाऊन असतं.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंटवाला,
भोसरी, पुणे